गालातला दाणा

दोष बापाचा होता. नंतर लोकांनी डॉक्टरीणबाईंना दोष दिला, काहींनी धाकट्याच्या बायकोला दिला, आणि कत्तलखान्याचा मुकादम तर शेवटपर्यंत म्हणत राहिला की थंड खोलीत सारखं आत-बाहेर केल्यानं माणसाचं डोकं आखडतं. पण सहा वर्षांच्या पोराला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून, डोळे मिटायला लावून, ज्यानं बोटांनी बघायला शिकवलं आणि जे दिसेल त्याचं पुढे काय करायचं ते मात्र सांगितलं नाही, तो माणूस बापच होता. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. हा अजून जिवंत आहे, तेव्हा बोलायला हरकत नाही.

बाप कत्तलखान्यात मांसतपासनीस होता, एकतीस वर्षं. सगळे त्याला 'मोठे' म्हणायचे, आणि मुलगा त्याच कामाला चिकटल्यावर कुणी न ठरवता त्याचं नाव 'धाकटा' पडलं. काम तसं साधं. डुक्कर केस काढून, धुऊन आकड्याला लागलं की तपासनिसानं त्याच्या गालाच्या जाड स्नायूला दोन्ही बाजूंनी सुरी लावून तो वहीच्या पानासारखा उलगडायचा, जीभ ओढून चाचपायची, हृदय उघडून बघायचं, छातीच्या पडद्यावरून हात फिरवायचा. शोधायचा असतो तो दाणा. तांदळाएवढा, कधी वाटाण्याएवढा, आत पाणी भरलेला, आणि त्या पाण्यात एक पांढरा ठिपका. तो ठिपका म्हणजे पट्टकृमीचं डोकं, वाट बघत बसलेलं. असलं मांस अर्धंकच्चं खाल्लं की माणसाच्या आतड्यात तो जंत हातभर नव्हे, चांगला पुरुषभर वाढतो. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून पुन्हा डुकराच्या पोटात जातात आणि अंगात दाणे होऊन बसतात. आणि तीच अंडी घाणेरड्या हातांवरून माणसाच्या पोटात गेली, तर दाणे माणसातच धरतात; दंडात, डोळ्यात, मेंदूत. म्हणून तर पास झालेल्या मांसावरच्या जांभळ्या शाईच्या शिक्क्याला एवढी किंमत.

मोठे सुरी लावत नसत. गाल चिरला की मुंडकं दिसायला खराब होतं, खाटीक कुरकुरतात, हे एक कारण झालं. खरं कारण म्हणजे मोठ्यांना सुरीची गरजच पडत नाही असं सगळे मानत होते. ते डोळे मिटून दोन बोटं गालावर ठेवायचे, जिभेखाली घालायचे, क्षणभर थांबायचे, आणि म्हणायचे, "पास." की मागून शिक्का. मोठ्यांचं बोट खोटं बोलत नाही, ही म्हण त्या आवारात इतकी रुळली होती की लोक लग्न जुळवतानासुद्धा हसून म्हणायचे, एकदा मोठ्यांचं बोट लावून घ्या. म्हाताऱ्यांच्या अशा कौतुकांवर अख्ख्या पिढ्या पोसल्या जातात, आणि कुणी विचारत नाही की बाबा रे, एकतीस वर्षांत एकदाही नापास कसं नाही?

पण धाकट्याला तेव्हा हे विचारायचं नव्हतं. तेव्हा तो बापाची वाट बघायचा. कत्तलखान्याचं काम पहाटे सुरू होई, त्यामुळे बाप दुपारी चारला घरी यायचा. दारात रबरी बुटांचा आवाज, मग औषधी साबणाचा तो कडक वास, कोपरापर्यंत लाल झालेले हात, आणि मागच्या खिडकीतून टेबलावर आडवं पडलेलं पिवळं ऊन. आई कणकेच्या गोळ्यात तांदळाचे दाणे लपवून ठेवायची, पोरानं डोळे मिटून, गोळा न फोडता, किती आहेत ते सांगायचं. पाच म्हटलं आणि पाच निघाले की बाप मोठ्यानं हसायचा, आणि त्या हसण्यासाठी पोरगं उन्हातान्हात गल्लीतल्या कुत्र्यांचे कानसुद्धा चाचपून बघायचं. खेळ संपला की तपासणी. पोरानं समोर उभं राहायचं, जीभ बाहेर काढायची. बापाची गार बोटं जिभेखालून, गालांवरून, जबड्याच्या कडेनं फिरायची, थांबायची. मग कपाळावर अंगठा टेकवून तो म्हणायचा, "पास." आणि पोरगं उड्या मारत खेळायला पळायचं. पुढच्या आयुष्यात धाकट्याला बरंच काही मिळालं, पण कपाळावर तो अंगठा टेकल्यावर जे वाटायचं, की आता आज आपल्याला काहीही होऊ शकत नाही, ते कशानंच पुन्हा वाटलं नाही.

पशुवैद्यकाचं शिक्षण त्यानं दुसऱ्या वर्षी सोडलं. तेही बापाच्याच शब्दावर. बोटं असली की पुस्तकं कशाला, असं म्हाताऱ्यानं चार लोकांत म्हटलं, चार लोकांनी माना डोलावल्या, आणि पोराचं शिक्षण संपलं. ज्यांचं काही जाणार नसतं ते लोक फार सहज माना डोलावतात. धाकटा आधी मदतनीस म्हणून लागला, मग बाप निवृत्त झाल्यावर त्याच्या जागेवर आला. म्हातारा तेव्हापासून मागच्या खोलीत खुर्चीवर बसून असायचा, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा. कुणी विचारलं तर म्हणायचा, हात गार पडतात.

वर्षभरात कत्तलखान्यावर नव्या पशुवैद्यक डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं की बोटांचं कौतुक पुरे, प्रत्येक गालाला दोन काप, त्याशिवाय शिक्का नाही. खाटीक चिडले, मुकादम म्हणाला की बाई नवी आहे, चार दिवसांत थंड होईल. धाकट्याला मात्र मनातून बरं वाटलं. बापाच्या 'आमच्या काळी'चा त्याला वीट आला होता. काप घेतला की डोळ्यांना दिसतं, त्यात कुणाच्या पुण्याईचा प्रश्न नाही. त्यानं तेव्हा मनाशी ठरवलं की आपण न बघता कशालाही पास म्हणायचं नाही. त्याचं सगळं पुढचं आयुष्य या एका चांगल्या निश्चयानं बरबाद केलं.

झालं ते असं. एका सकाळी, बारावं की तेरावं जनावर समोर असताना, सुरी उचलायच्या आधी सवयीनं त्याची दोन बोटं डाव्या गालावर गेली आणि थांबली. आत दाणे होते. चार. एक मोठा आणि तीन त्याच्यामागे ओळीनं, कणकेत असायचे तसेच. त्यानं गाल उलगडला. लालसर, ओला, स्वच्छ स्नायू. पुन्हा चिरला, मग आडवा चिरला, मग मुंडकं खाली उतरवून त्या गालाच्या कागदासारख्या पातळ चकत्या केल्या, आणि मागे आकड्यांची साखळी खोळंबली म्हणून माणसं आवाज द्यायला लागली तरी तो एकेक चकती उजेडाला धरून बघत राहिला. काही नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी स्वतः येऊन बघितलं. त्या रागावल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "धाकटे, सुरीला सापडलं नाही म्हणजे नाही." पण धाकट्यानं शिक्का मारला नाही. मग नियमाप्रमाणे नमुना प्रयोगशाळेला गेला आणि उरलेल्या चकत्या पत्र्याच्या तबकात झाकून थंड खोलीत ठेवल्या. तीन दिवसांनी उत्तर आलं की नमुना स्वच्छ आहे. तबक फेकून द्यायला म्हणून धाकट्यानं झाकण काढलं, आणि तसाच उभा राहिला. चकत्यांना भोकं पडली होती. गोल, गुळगुळीत कडांची, तांदळाएवढी. चकत्या एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या, त्यामुळे मोजायला वेळ लागला नाही. एक मोठं आणि मागे तीन. आत काहीच नव्हतं. पलीकडचा पत्रा दिसत होता.

थंडीनं मांस आक्रसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मुकादमानं वाकून भोकातून बघितलं आणि म्हणाला, "बघा बरं, भाडेकरू खोली सोडून गेले." सगळे हसले. धाकटाही हसला.

त्यानंतर दाणे येतच राहिले. आधी आठवड्यातून एखाद्या जनावरात, मग दिवसातून दोन-तीनमध्ये. सुरीला कधीच काही लागलं नाही. तो बाईंना सांगायचा बंद झाला, चिरून बघायचा, काही नाही म्हणून शिक्का मारायचा, आणि दिवसभर त्याला वाटत राहायचं की आपण खोटी सही केली. मग ते घरीही लागायला लागले, पावाचा तुकडा मोडताना, उशीच्या शिवणीत, दाराच्या मऊ पडलेल्या लाकडात. मुकादमाशी हस्तांदोलन केलं तर त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी सहा होते. मुकादम धडधाकट होता, वर्षानुवर्षं त्याला साधा ताप आला नव्हता. धाकट्यानं हातात दोन-दोन मोजे घालायला सुरुवात केली. बायकोला सांगितलं की कातडी फुटतेय.

घरी मात्र चार वाजता मोजे निघायचे. कारण घरी बिट्टी होती, त्याची साडेचार वर्षांची मुलगी, आणि ती जीभ बाहेर काढून दारातच उभी असायची. बापाकडून जे जे आलं होतं त्यातलं एवढं एकच त्याला जपून ठेवायचं होतं. ती जन्मली तेव्हापासून त्यानं मनात धरलं होतं की कपाळावर टेकलेल्या अंगठ्याचं ते सुख आपल्या पोरीला मिळालं पाहिजे. आणि मिळतही होतं. ती 'पास' ऐकून ज्या वेगानं अंगणात पळायची, तो वेग त्याच्या ओळखीचा होता.

एके दिवशी तिच्या डाव्या गालात त्याला दाणा लागला. एकच. बोट दाबलं तर निसटून बाजूला झाला, आणि बोट सैल केलं तर परत जागेवर आला.

"बाबा, पास?"

"थांब, परत बघू," तो म्हणाला. परत बघितलं. ती तोंड उघडं ठेवून थांबली, लाळ गळायला लागली तरी थांबली. शेवटी त्यानं तिला जा खेळ असं सांगितलं, पण ती गेली नाही, कारण ज्या शब्दावर पळायचं तो शब्द आला नव्हता.

मुलांच्या डॉक्टरांनी गाल चाचपून हसत सांगितलं की काही नाही. धाकट्यानं हट्टानं यंत्रात तपासणी करवली, गालाची, मग डोक्याची. काही नव्हतं. दुसऱ्या दवाखान्यातही नव्हतं. तिसऱ्या वेळी रक्त काढताना बिट्टी इतकी रडली की बायकोनं तिथल्या तिथे पोरीला उचललं आणि घरी आली. रोज चारला मात्र बिट्टी दारात उभी राहायची, रोज बोटं डाव्या गालावर थांबायची, आणि रोज तो गप्प बसायचा. तिनं अंगणात जाणं सोडलं. जेवताना ताट पुढे सरकवायला लागली. एका संध्याकाळी तिनं आईला विचारलं की मी नापास आहे म्हणून घरातच राहायचं का. बायको बाहेर आली तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

"म्हण ना एकदा. शब्द आहे नुसता."

"खोटं कसं म्हणू?"

"ती जेवत नाहीये. तुझं खरं घेऊन काय करू मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, कामाला न जाता, तो मागच्या खोलीत बापासमोर जाऊन बसला. इतक्या वर्षांत त्या दोघांत हवापाण्यापलीकडे बोलणं झालेलं नव्हतं. म्हातारा खिडकीकडे तोंड करून होता, हात मांड्यांखाली. धाकट्यानं आडवळण घेतलं नाही. बोटाला लागतो आणि सुरीला लागत नाही, असा दाणा तुम्हाला कधी लागला होता का, एवढंच विचारलं.

"रोज," म्हातारा म्हणाला.

"किती जनावरांत?"

"सगळ्यांत." मग जणू भाजी कशी चिरावी ते सांगावं तसं त्यानं सांगितलं की सुरुवातीला तोही चिरून बघायचा, पण चिरलं की तिथे काही नसायचं, आणि माणसाला असं रोज दिसायला लागलं तर माणूस टिकत नाही. म्हणून त्यानं सुरी ठेवून दिली. बोट ठेवायचं, मोजायचं, आणि पास म्हणायचं. म्हटलं की जगरहाटी चालते. खाणारे खातात, जगतात. काही मरतातही, पण लोक तसेही मरतात.

"आणि माझ्यात?"

"सात. पाच गालात, दोन जिभेखाली."

"कधीपासून?"

"कणकेचा खेळ सुरू केला तेव्हापासून." म्हाताऱ्यानं पहिल्यांदा त्याच्याकडे मान वळवली. "तू असा पळायचास रे पास म्हटल्यावर. बघायला बरं वाटायचं."

धाकट्याला टेबलावरचं ते पिवळं ऊन आठवलं, साबणाचा वास, आईच्या हाताला लागलेली कणीक, आणि आपल्या कपाळावर अंगठा ठेवून डोळ्यांत न बघता दाराकडे बघणारा बाप. दाराकडेच बघायचा तो. हे त्याला इतकी वर्षं माहीत होतं आणि दिसलं मात्र आत्ता. लहानपण नावाचा जो एक सुरक्षित तुकडा माणूस आयुष्यभर खिशात घालून फिरतो, तो म्हाताऱ्यानं दोन वाक्यांत काढून घेतला, आणि वर म्हणाला, "पोरीला पास म्हण. मी म्हटलंच ना तुला?" असल्या माणसांना आपण देवमाणूस म्हणतो.

धाकटा उठला आणि उशिरानं कामावर गेला. त्या दिवशी साखळीवर चाळीस जनावरं होती. त्यानं मोजे काढले, एकेकाच्या गालावर बोटं ठेवली, आणि एकालाही शिक्का मारला नाही. दुपारपर्यंत चाळीसच्या चाळीस आकड्यांवर तशीच लटकत राहिली, बाहेर गाड्या खोळंबल्या, खाटकांनी शिव्यांची लाखोली वाहिली. मुकादम हात जोडून म्हणाला, "धाकटे, मोठ्यांची तरी लाज राखा." डॉक्टरीणबाईंनी दहा जनावरं स्वतः चिरून बघितली, सगळी स्वच्छ निघाली, तेव्हा त्यांनी शिक्का त्याच्या हातातून हलकेच काढून घेतला आणि त्याला घरी जाऊन झोप घ्यायला सांगितलं. शिक्का तेवढा आठवणीनं घेतला. सुरी त्याच्या पट्ट्यातच राहिली.

चालत घरी येताना त्यानं ठरवलं होतं की आज म्हणायचं. बापानं म्हटलं, आपणही म्हणू, पोरगी जेवेल, अंगणात जाईल. रस्ताभर तो शब्द त्यानं तोंडात घोळवला. दार उघडं होतं. बिट्टी उभी होती, जीभ बाहेर. तो गुडघ्यांवर बसला. उजव्या हाताची बोटं तिच्या गालावर ठेवली, डोळे मिटले, आणि 'पा'पर्यंत त्याचे ओठ आलेसुद्धा. पण बोटांखाली आता दोन होते. दुसरा लहान होता, नुकताच धरलेला, पहिल्याच्या मागे ओळीनं लागलेला.

किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि पोरीकडे नव्हे, त्याच्या डाव्या हाताकडे बघत होती. डाव्या हातात सुरी होती. ती पट्ट्यातून कधी निघाली, कशासाठी निघाली, हे त्याला आजही सांगता येत नाही. त्यानं काही केलं असतं असं नाही. बिट्टी तर हललीही नव्हती, तोंड उघडं ठेवून, शहाण्यासारखी, वाट बघत होती. बायको हळू चालत आली, तिनं पोरीचं तोंड हातानं मिटलं, तिला कडेवर घेतलं, आणि चप्पल न घालता दाराबाहेर पडली.

आता बिट्टी दहा वर्षांची आहे. महिन्यातून एका रविवारी, सासूबाईंच्या घरी, तास-दीड तास तिला भेटायची त्याला मुभा आहे. अट एकच, दोन्ही हात टेबलावर ठेवायचे. सासूबाई समोर वर्तमानपत्र घेऊन बसतात आणि पान उलटत नाहीत. बिट्टी उंच झाली आहे, वर्गात हुशार आहे, तब्येतीची काही तक्रार नाही. आली की बापाला शाळेतल्या गमती सांगते, मग दोघं जेवतात. मागच्या भेटीत त्याच्या लक्षात आलं की ती फक्त उजव्या बाजूनं चावते. दात दुखतो का विचारलं, तर नाही म्हणाली. मग असं का, तर म्हणाली, सवय आहे, आणि पाणी प्यायली.

त्याची नोकरी गेली, घर मोडलं, आणि पोरीला हात लावून त्याला आता साडेपाच वर्षं झाली.